बारा दाते आणि एक लिटर दूध

ट्रक रॅम्पवर चार फूट चढला, थांबला, काहीतरी विसरल्यासारखा जागच्या जागी थरथरला आणि मग सरळ मागे यायला लागला. त्याच्या हौद्यात एक लिटर दुधाची पिशवी आणि घडी घातलेला पेपर होता. निरीक्षकांनी रिमोटची कांडी पुढे दाबली, आणखी पुढे दाबली, शेवटी स्वतःच कमरेतून पुढे वाकले, जणू त्यांच्या वाकण्याने ट्रकला जोर येणार होता. ट्रक खाली आला तो थेट सेक्रेटरींच्या नडगीवर आदळला. पिशवी उडाली आणि फुटली. सेक्रेटरींचे बूट कापडी होते. त्यांनी निम्मं दूध जागीच शोषून घेतलं.

"छान आहे खेळणं," सेक्रेटरी म्हणाले आणि पचक पचक करत निघून गेले.

'खेळणं' हा शब्द निरीक्षकांच्या जिव्हारी लागला. हे सगळं प्रकरण मुळात त्याच शब्दावरून उभं राहिलं होतं. निरीक्षक वजनमापे खात्यात होते. तीस वर्षं ते दुसऱ्यांचे तराजू तपासत आले होते, आणि बिल्डिंगमध्ये त्यांचा दरारा नसला तरी त्यांच्यासमोर कोणी 'साधारण पाच मिनिटांत येतो' असं म्हणत नसे, कारण ते घड्याळ बघत. परदेशी असलेल्या मुलीने वाढदिवसाला पाठवलेला हा रिमोटचा ट्रक ते रोज संध्याकाळी पॅसेजमध्ये फिरवत. तो पॅसेजचे दहा मीटर वीस सेकंदांत कापायचा. हा आकडा त्यांनी अकरा वेळा मोजून पक्का केला होता. मग एके सकाळी नोटीसबोर्डावर कागद लागला: 'रहिवाशांनी पॅसेजमध्ये खेळणी चालवू नयेत.' 'रहिवाशांनी' हे अनेकवचन केवळ शिष्टाचार होता. पॅसेजमध्ये खेळणी चालवणारा रहिवासी एकच होता, आणि तो छप्पन्न वर्षांचा होता.

त्याच संध्याकाळी सोसायटीची मीटिंग होती. विषय लिफ्टचा. लिफ्ट बंद होती, कारण तिला प्रमाणपत्र नव्हतं. प्रमाणपत्र मिळत नव्हतं, कारण चालू लिफ्ट पाहिल्याशिवाय ते देता येत नाही. आणि प्रमाणपत्राशिवाय ती चालू करणं हा गुन्हा होता. यात निरीक्षक सोडून सगळ्यांनाच आश्चर्य वाटलं. तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका एकट्या राहत. सगळे त्यांना बाई म्हणत. बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि दूधवाला तळमजल्याच्या वर यायला तयार नव्हता. बाईंचं दूध आणि पेपर रोज वर कोण नेणार, असं सेक्रेटरींनी विचारलं, तेव्हा उपस्थित मंडळींनी फरशीच्या नक्षीचा बारकाईने अभ्यास सुरू केला.

निरीक्षक उठले.

"ज्याला काही लोक खेळणं म्हणतात," ते म्हणाले, "ते यंत्र बाईंचं दूध रोज तिसऱ्या मजल्यावर पोहोचवील."

बोलून झाल्यावर त्यांना जरा हबकल्यासारखं झालं. पण तोपर्यंत सेक्रेटरींनी वाक्य इतिवृत्तात उतरवून घेतलं होतं. सरकारी माणूस तोंडी शब्दाला वाकवू शकतो, इतिवृत्ताला नाही.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूची होती. बिल्डिंग मुळात इस्पितळ म्हणून बांधली गेली होती आणि स्ट्रेचरसाठी केलेला रॅम्प अजून शाबूत होता. मजल्याला तीस मीटर, तीन मजले, एकूण नव्वद. चढ बेताचा. पण ट्रकच्या दृष्टीने तो बेताचा नव्हता, हे सेक्रेटरींच्या बुटांनी सिद्ध केलं.

"अहो," घरी बायको म्हणाली, "हातात धरून नेलं तर?"

"प्रश्न दुधाचा नाही."

"मग कशाचा आहे?"

"तत्त्वाचा."

"तत्त्व फ्रीजबाहेर टिकतं. दूध नाही. ही दुसरी पिशवी, घेऊन जा आधी."

निरीक्षक दूध हातात घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेले. ही तात्पुरती व्यवस्था आहे, असं त्यांनी बाईंना दारातच स्पष्ट केलं. तात्पुरती व्यवस्था पुढे सात आठवडे चालली.

*

ट्रक का चढला नाही, याचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बिल्डिंगमधल्या प्रत्येकाकडे होतं. कोणी म्हणालं बॅटरी, कोणी म्हणालं टायर, आणि एका गृहस्थाने ट्रकचा रंग गडद असल्याने तो तापतो असं सांगितलं. खरं ज्ञान असल्याचा दावा एकाच माणसाचा होता: तळमजल्यावरचे ड्रायव्हरकाका. त्यांनी बत्तीस वर्षं बस चालवली होती आणि अजूनही खुर्चीवरून उठताना ते आधी डाव्या पायाने क्लच दाबत.

त्यांनी ट्रक उलटा केला, पोटाचं झाकण उघडलं आणि आत बोट घातलं. मोटारीच्या दांड्यावर एक छोटं दातेरी चाक होतं आणि त्याला खेटून एक मोठं. निरीक्षकांनी दाते मोजले. छोट्याला अठरा, मोठ्याला चोपन्न.

"म्हणजे छोटं तीनदा फिरलं की मोठं एकदा," निरीक्षक म्हणाले.

"तेच तर," ड्रायव्हरकाका म्हणाले. "ताकद कमी पडते. मोटारीवर मोठं चाक घाला. मोठं चाक, मोठी ताकद. साधी गोष्ट आहे."

ट्रकच्या खोक्यात एक जादा चाक आलं होतं, चोवीस दात्यांचं. निरीक्षकांनी ते बसवलं. दोन चाकं एकमेकांना किती खेटवायची हाही एक प्रश्नच असतो. फार खेटली तर अडकतात, फार सैल राहिली तर दाते घासून जातात. मध्ये कागदाची पट्टी ठेवून ती आवळायची आणि मग पट्टी काढून घ्यायची, असं माहितीपत्रकात लिहिलं होतं. निरीक्षकांनी पट्टीसाठी खात्याचा रद्द झालेला फॉर्म वापरला, त्यामुळे त्यांना सगळं अधिकृत वाटलं.

पॅसेजमध्ये ट्रक सुसाट पळाला. ड्रायव्हरकाकांनी टाळी दिली. मग तो रॅम्पवर गेला, चढाला टेकला आणि तिथे उभा राहून गुणगुणायला लागला. गुणगुण वाढत वाढत किंकाळी झाली, आणि पोटातून निळसर धूर निघाला. दूध मात्र सुरक्षित होतं. ते किंचित कोमट झालं होतं.

"मी म्हटलं होतं तुम्हाला, छोटं घाला," ड्रायव्हरकाका म्हणाले.

तीस वर्षांत अनेक व्यापाऱ्यांनी निरीक्षकांच्या तोंडावर वजन बदललं होतं, पण इतक्या सहजपणे कोणीच नाही.

त्या दिवशी दूध द्यायला गेले, तेव्हा बाईंनी विचारलं, "धुराचा वास वरपर्यंत आला. कुणाचं काय जळलं?"

निरीक्षकांनी सगळं सांगितलं. बाईंनी पायाखालचं स्टूल सारलं आणि पेपराच्या कडेला पेन्सिलीने आकडे मांडले. त्यांनी छत्तीस वर्षं गणित शिकवलं होतं.

"चोपन्न भागिले चोवीस. सव्वा दोन. तुम्ही गाडीला सायकलच्या सगळ्यात जड गियरमध्ये टाकून डोंगर चढायला सांगितलंत. वेग वाढला की जोर घटतो. हे पाचवीतल्या मुलाला कळतं."

"मला सुचवलं गेलं होतं," निरीक्षक म्हणाले.

"पाचवीतली मुलंही हेच म्हणतात."

मग बाईंनी त्यांना गृहपाठ दिला. छोट्या चाकाला वीसपासून दहापर्यंत दाते धरून प्रत्येकाचा भागाकार करून आणायचा, दोन दशांश स्थळांपर्यंत. निरीक्षकांनी तो केला. ऑफिसात केला, समासासकट. बाईंनी तपासला, एके ठिकाणी दशांश चिन्ह चुकलं होतं तिथे लाल रेघ ओढली, आणि बारावर गोल केला. चोपन्न भागिले बारा, साडेचार.

बारा दात्यांचं चाक आणि जळलेल्याऐवजी नवी मोटार पाठव, असं निरीक्षकांनी मुलीला कळवलं. मोटार आठवड्यात आली. चाक पार्सल ऑफिसात अडकलं.

*

पार्सल ऑफिसातल्या कारकुनाने त्यांच्यापुढे एक फॉर्म सरकवला. 'पाकिटातील वस्तूचे वर्णन.' निरीक्षकांनी वळणदार अक्षरात लिहिलं: 'चाक, एक नग. दाते, बारा.'

कारकुनाने ते दोनदा वाचलं.

"बारा दाते म्हणजे बारा जणांनी मिळून पाठवलंय?"

"नाही, नाही. माझ्या मुलीने पाठवलंय."

"मग बाकीचे अकरा दाते कोण?"

"अहो, दाते म्हणजे देणारे नव्हेत. चाकाचे दाते."

"चाकासाठी देणगी," कारकून समजूतदारपणे म्हणाला. "ठीक आहे ना. पण परदेशातल्या दात्यांकडून काही घ्यायचं तर ते संस्थेच्या नावाने लागतं. नोंदणीचा दाखला आहे?"

दातेरी चाक म्हणजे काय, हे निरीक्षकांनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाखवलं. कारकुनाला वाटलं ते हात जोडताहेत. तो विरघळला आणि त्याने नवा फॉर्म दिला. या वेळी निरीक्षकांनी शहाणपणा केला. 'दाते' या शब्दाची मात्रा काढून टाकली आणि पुढे खुलासाही जोडला: 'दात, बारा, धातूचे.'

या फॉर्मसाठी त्यांना चार नंबरच्या खिडकीवर पाठवण्यात आलं. तिथल्या बाई फार सहानुभूतीने बोलल्या.

"वरची कवळी की खालची?"

"कवळी नाही हो."

"लाजायचं काय त्यात? माझ्या सासऱ्यांची पण आहे. फक्त हे वैद्यकीय साहित्य झालं. दातांच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा, आणि ज्याच्या तोंडात बसवायचे त्याला घेऊन या."

"ते ट्रकच्या पोटात बसवायचे आहेत."

चार नंबरच्या बाईंनी खिडकीतून जरा मागे सरकून त्यांचं निरीक्षण केलं आणि साहेबांना विचारून येते म्हणाल्या.

त्या आत गेल्यावर निरीक्षकांची नजर खिडकीशेजारच्या वजनकाट्यावर पडली. सवयच ती. काट्याच्या कडेला खात्याच्या पडताळणीचा शिक्का होता आणि तो दरवर्षी नवा लागत असताना दोन वर्षांपूर्वीचा होता. निरीक्षक काहीही बोलले नाहीत. अधिकाराचा वैयक्तिक कामासाठी वापर करणाऱ्यांबद्दल त्यांची मतं फार कडक होती. त्यांनी फक्त चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि काट्याकडे वाकून पाहिलं. मग खिशातून डायरी काढली आणि त्यात एक शब्द लिहिला. तो शब्द 'साबण' होता, कारण बायकोने आणायला सांगितला होता.

साहेब स्वतः बाहेर आले. "आपण कुठल्या खात्यात?"

निरीक्षकांनी खरं ते सांगितलं. खोटं बोलण्याचा प्रश्नच नव्हता. पार्सल चार मिनिटांत हातात पडलं.

काट्याची रीतसर नोटीस त्यांनी दुसऱ्याच दिवशी पाठवली. ती पार्सल मिळाल्यानंतर पाठवली, आधी नाही, याबद्दल त्यांना पुढे आठवडाभर अपराधी वाटत राहिलं.

आणि इतकं करून चाक बसेना. बारा दाते होते, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. निरीक्षकांनी कागदाची पट्टी ठेवून आवळलं, पट्टी काढली, कांडी दाबली, आणि ट्रकच्या पोटातून असा कर्रर्र आवाज आला की शेजारच्या घरातलं बाळ रडायला लागलं. मोठ्या चाकाचे दाते बारीक होते. या नव्याचे जाडे. संख्या जुळत होती, माप जुळत नव्हतं.

ही गोष्ट त्यांनी कोणालाच सांगितली नाही. वजनमापे खात्याच्या निरीक्षकाने वस्तू मागवली आणि तिचं माप सांगायला विसरला, हे बाहेर कळलं असतं तर त्यांना बदली मागावी लागली असती. त्या सकाळी ते बाईंकडे दूध ठेवून तसेच वळले.

"बसा," बाई म्हणाल्या. "आवाज ऐकला मी. दाखवा ते चाक."

त्यांनी खिशातून काढून दिलं. बाईंनी ते चष्म्याजवळ नेलं आणि बोटावर फिरवलं. निरीक्षकांना पाठीवर धपाटा येणार असं वाटायला लागलं.

"माझ्याकडून नोकरीच्या पहिल्या वर्षी," बाई म्हणाल्या, "फळ्यावर वर्तुळ काढताना त्रिज्येच्या जागी व्यास धरला गेला. पूर्ण तास शिकवलं तसंच. तपासायला साहेब मागे बसले होते." त्यांनी चाक परत दिलं. "ते बोलले नाहीत काही. तुमचंही मी आत्ताच विसरले. बरं, हे वाया घालवू नका. याला याच्याच मापाचा चोपन्न दात्यांचा मोठा जोडीदार करून घ्या. आणि जुन्या मोठ्याला जुन्या मापाचा बारा दात्यांचा छोटा. दोन जोड्या झाल्या. एकीपुढे एक लावा."

"दोन जोड्या लावल्या तर काय होईल?"

"साडेचार साडेचार?"

निरीक्षकांनी लहानपणी पाठ केलेल्या पाढ्यांत शोधलं. "सव्वा वीस."

"शाबास. आधी किती होते? तीन. सव्वा वीस भागिले तीन, पावणेसात. पावणेसातपट जोर."

"आणि वेग?"

"तो तितक्याच पटीने गेला," बाई म्हणाल्या. "दोन्ही मिळत नाही."

*

दोन्ही नवी चाकं गल्लीच्या टोकाच्या वर्कशॉपमधल्या टर्नरने पितळेत कापून दिली. त्याने चार वेळा माप विचारलं आणि चारही वेळा निरीक्षकांनी ते शतांश मिलिमीटरपर्यंत सांगितलं. चाकं सुंदर झाली. फक्त ती ट्रकच्या पोटात मावेनात. त्यामुळे दुसरी जोडी हौद्यात आली आणि धूळ जाऊ नये म्हणून तिच्यावर साबणाची गुलाबी डबी उलटी घालण्यात आली. डबी गेल्याचं बायकोला अंघोळीच्या वेळी कळलं. त्या संभाषणाचा तपशील इथे अनावश्यक आहे.

रविवारी सकाळी आठ वाजता चाचणी ठरली. निरीक्षकांनी कोणाला बोलावलं नव्हतं, तरी वीसेक माणसं जमली. सेक्रेटरी आले, या वेळी रबरी बूट घालून. हौद्यात साबणाच्या डबीमागे एक लिटर दूध, त्यावर पेपर.

निरीक्षकांनी कांडी दाबली.

पहिले काही क्षण ट्रक हललेलाच नाही असं सगळ्यांना वाटलं. मग कोणीतरी खाली बसून चाकाकडे पाहिलं आणि ओरडलं, "फिरतंय!" ट्रक रॅम्पला लागला. चढावर त्याचा वेग तसूभरही कमी झाला नाही. मुळात कमी व्हायला तिथे फारसा नव्हताच. मिनिटाला साडेचार मीटरांच्याही आत. तो थांबला नाही, थरथरला नाही, तापला नाही. पितळी चाकं एकसारखी किरकिर करत राहिली.

वीस माणसं त्याच्यामागे चालायला लागली, आणि चालणं जमेना. एक पाऊल टाकून थांबायचं, मग पुन्हा एक. पहिल्या वळणापर्यंत तोल जाऊन दोघे भिंतीला टेकले. ड्रायव्हरकाका "पहिल्या गियरात आहे, पहिल्या गियरात" असं मागच्यांना सांगत होते. सेक्रेटरी दर मिनिटाला घड्याळ बघत होते, पण जात नव्हते. आता दुधाचं काय होतं ते पाहिल्याशिवाय जाणं कोणालाच शक्य नव्हतं.

वर बाई दारात उभ्या होत्या, वॉकर धरून. आवाज येत होता, ट्रक येत नव्हता. पाच मिनिटं त्यांनी वाट पाहिली, मग आणखी पाच. पहिल्या मजल्यावरून टाळ्या ऐकू आल्या, नंतर पुन्हा तीच किरकिर. तेवढ्यात खालून ड्रायव्हरकाकांचा आवाज आला: "तिसरी जोडी लावायला हवी होती!"

हे गणिताच्या शिक्षिकेला सहन होण्यासारखं नव्हतं.

ट्रक दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पोहोचला, तेव्हा समोरून वॉकरची टकटक आली. सगळे थांबले, ट्रक सोडून. बाई उतरत होत्या. ऑपरेशननंतर त्यांनी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. डॉक्टर चाला म्हणत होते, भाची येऊन चाला म्हणत होती, आणि बाई ऐकत नव्हत्या. का, ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

"तिसरी जोडी कोण म्हणालं?" बाईंनी विचारलं.

ड्रायव्हरकाका मागे सरकले.

"तीन जोड्या लावल्या तर दूध वर जाईपर्यंत त्याचं दही होईल. हे असंच बरोबर आहे." त्या वळल्या आणि ट्रकच्या बाजूने वर चालायला लागल्या. वॉकर उचलायचा, टेकायचा, एक पाय, दुसरा पाय. ट्रकची चार चाकं शेजारून त्याच गतीने येत होती. दोघांत कोणीच मागे पडत नव्हतं आणि कोणीच पुढे जात नव्हतं. मागची वीस माणसं आता तोल सांभाळण्याची खटपट सोडून जागीच उभी होती.

"माझ्याबरोबर चालायला लागलं ना, की माणसं चार पावलं पुढे जातात," बाई निरीक्षकांना हळूच म्हणाल्या. "मग थांबतात. तोंडावर अशी माया आणून थांबतात. 'सावकाश, बाई, घाई नाही.' ते मला सोसत नाही."

निरीक्षकांची नजर ट्रकवर होती. "याला थांबता येतं, बाई," ते म्हणाले. "पुढे जाता येत नाही."

दूध आठ वाजून एकवीस मिनिटांनी तिसऱ्या मजल्यावर पोहोचलं. सेक्रेटरींनी बाईंच्या दारात पिशवी स्वतः हातात घेऊन ती फुटलेली नाही याची खात्री केली आणि निरीक्षकांशी हस्तांदोलन केलं. 'यंत्र चांगलं आहे,' असं ते म्हणाले. निरीक्षकांना हा विजय जितका गोड लागेल असं वाटलं होतं तितका लागला नाही. त्यांचं लक्ष बाईंच्या श्वासाकडे होतं. त्या दमल्या होत्या, पण बसल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरीक्षक ट्रक घेऊन खाली आले, तर बाई तळमजल्यावर उभ्या. कधी उतरल्या, किती वेळ लागला, हे त्यांनी सांगितलं नाही आणि निरीक्षकांनी, आयुष्यात प्रथमच, विचारलं नाही. ट्रक निघाला, बाई निघाल्या. मग हे रोजचंच झालं. ड्रायव्हरकाका मधूनमधून सुचवत, की छोटं चाक बदललंत तर गाडी दुप्पट पळेल. या वेळी त्यांचं म्हणणं अचूक होतं. निरीक्षक 'बघू' म्हणत.

तिसऱ्या आठवड्यात वॉकरच्या जागी काठी आली. आणि त्यानंतरच्या गुरुवारी पहिल्या मजल्यावर निरीक्षकांच्या लक्षात आलं की शेजारून टकटक ऐकू येत नाही. त्यांनी मान वर केली. बाई पुढच्या वळणावर पोहोचल्या होत्या. तिथे त्या कठड्याला टेकून उभ्या होत्या आणि खालून किरकिरत येणाऱ्या ट्रककडे अतिशय मायेने पाहत होत्या.

"सावकाश येऊ द्या त्याला," त्या म्हणाल्या. "घाई नाही."

निरीक्षकांनी घड्याळ पाहिलं. बाई एक मिनिट चाळीस सेकंद पुढे होत्या.